हाताला लागेल अशी पिशवी

शिवणाच्या क्लासात सुरुवातीचे दिवस मापं घेण्यातच जातात. छाती, कंबर, खांदा, बाहीची उंची, गळ्याची खोली. टेप कुठे सैल सोडायचा आणि कुठे ओढून धरायचा, हे बाई हात धरून शिकवतात. पिशवी मात्र सगळ्यात शेवटी येते, उरलेल्या कापडातून. दोन चौकोन घ्या, तीन बाजूंनी टीप घाला, वर दोन बंद लावा, झाली पिशवी. तिला कुणाचं माप लागत नाही असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मला याच्या अगदी उलट वाटतं. प्रवासाच्या पिशवीला माणसाचं जितकं बारीक माप लागतं तितकं ब्लाउजलाही लागत नाही. पाण्याची बाटली कुठल्या हाताने काढायची सवय आहे, झोपताना चष्मा उशाशी जातो की खिशात, तिकीट दहादा चाचपलं जातं की एकदा ठेवलं की विसरलं, ओला टॉवेल कोरड्या कपड्यांत कोंबला जातो की वेगळा बांधला जातो, हे ठाऊक असल्याशिवाय पिशवी बेतता येत नाही. आणि हे ठाऊक असतं घरातल्याच माणसांना. म्हणून घरच्यांच्या प्रवासाच्या पिशव्या घरातल्या कुणीतरी शिवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आम्ही डोंबिवलीत राहतो, आणि गाव कुडाळजवळ. गणपतीला आणि मे महिन्यात जाणं ठरलेलं. कोकणकन्या नाहीतर तुतारी, जिचं तिकीट मिळेल ती. ठाण्याला चढायचं म्हणजे आधी जिना, मग गर्दी, मग गाडी थांबते तेवढ्या वेळात सगळं घर डब्यात चढवायचं. सकाळी कुडाळला उतरायचं, तेही घाईनेच. तिथून रिक्षा पाणंदीच्या तोंडापर्यंत जाते. पुढे चालत. श्रावण-भाद्रपदात पाणंदीतून पाणी वाहत असतं आणि घराच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. या वाटेवर चाकांच्या बॅगेचा काय उपयोग? सुटकेसला चाकं लावण्याचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांनी १९७२ साली मिळवलं. उभी धरून, लांब दांडीने ओढायची बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८७ मध्ये तयार केली. दोन्ही गोष्टी विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी होत्या, आणि तिथे त्या फार सोयीच्या आहेत. पाणंदीत मात्र ती चाकं, ती दांडी, तो कडक सांगाडा सगळं डोक्यावर घेऊन चालावं लागतं. मध्यम आकाराची चाकांची बॅग रिकामीच तीन-साडेतीन किलो भरते. तेवढ्याच पोटाची कॅनव्हासची पिशवी किलोभराचीही नसते. रेल्वे स्लीपरच्या डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट नेऊ देते. उचलणारे हात मात्र आपलेच असतात. शिवाय कापडी पिशवी बर्थखाली जिथे जागा असेल तिथे अंग चोरून बसते. टणक बॅगेला आधी जागा शोधावी लागते आणि मग शेजाऱ्यांची माफी मागावी लागते.

आमच्या आधीच्या पिढ्या कापडातच सामान बांधत आल्या. गाठोडं, बोचकं, वळकटी. रेल्वेच्या प्रवासात अंथरूण आपलं आपण न्यायचं म्हणून होल्डॉल आला: जाड खाकी कॅनव्हास, दोन्ही टोकांना मोठे खिसे, मध्ये गादी आणि चादर, सगळं गुंडाळून चामडी पट्ट्यांनी आवळायचं. डब्यात चढल्यावर तो उलगडला की बिछाना तयार. सामान आणि झोपायची जागा या दोन गोष्टी एकाच वस्तूत बसवणारा तो शिवणाचा उत्तम नमुना होता. पत्र्याच्या ट्रंकांबरोबर तोही माळ्यावर गेला.

मी पिशव्या शिवू लागले ती बाजाराच्या. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी अमलात आली तेव्हा जो तो कापडी पिशव्या शोधत होता, बचत गटांच्या बायका रात्रंदिवस मशीनवर बसल्या होत्या, आणि आमच्या सोसायटीत मी शिवत होते. जुने पडदे, चादरी, फुलपँट. त्या कामाने हात बसला. मग एका गणपतीच्या आधी अण्णांचं औषधांचं काहीतरी करायला हवं होतं, आणि तिथून प्रवासाच्या पिशव्या सुरू झाल्या.

अण्णा म्हणजे माझे सासरे. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने कमी होत गेली. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि मंद उजेडात फारच थोडं दिसतं. रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी, एक रात्री झोपताना, शिवाय डोळ्यांत घालायचे थेंब. घरात हे सगळं कपाटातल्या ठरलेल्या जागी असतं, त्यामुळे अडत नाही. गाडीत मात्र सगळं एका कॅरीबॅगमध्ये जायचं. दिवे बंद झाले की ते तिच्यात हात घालून चाचपत राहायचे, पिशवी कुरकुरायची, एखादी पट्टी खाली पडायची, मग समोरच्या बर्थवरचं कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडायचं. अण्णांना ते लागायचं. गोळी सापडत नाही याचं त्यांना काही नव्हतं, आपल्यापायी माणसं जागी होतात याचं होतं. मी विचारलं, “अण्णा, पिशवी कशी हवी तुम्हाला?” ते म्हणाले, “माका काय्येक नको गो. माझी गोळी काळोखात माझ्या हाताक लागाक व्हयी, कोणाक उठवूक नको.”

माझं माहेर सांगलीकडचं. आजीच्या कमरेला चंची खोचलेली असायची. चंची ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: कापडाची लांबट पट्टी, तिच्यावर एकाशेजारी एक कप्पे, आणि एका टोकाला नाडी. एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात चुन्याची डबी, कात, लवंगा, आणि अडकित्ता. घड्या घालून नाडी गुंडाळली की मुठीत मावणारी गुंडाळी. आजी गप्पा मारता मारता, खाली न बघता, त्यातलं हवं ते काढायची. कप्प्यांचा क्रम तिच्या बोटांना पाठ होता. खाली न बघता हवी ती वस्तू काढता यावी, एवढंच तर अण्णांना हवं होतं.

तेव्हा चंचीच शिवायची हे ठरलं. पण क्रम पाठ असणं अण्णांच्या बाबतीत पुरेसं नव्हतं, कारण अंधारात गुंडाळी उलटी धरली की क्रमही उलटा होतो. म्हणून प्रत्येक कप्प्याला वेगळं कापड लावलं. सकाळच्या गोळीला खण. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागावरचा खण बोटांना लगेच ओळखू येतो, त्याची बारीक उठावाची वीण अंगठ्याखाली खरखरते. जेवणाआधीच्या गोळीला कॉर्डरॉय, उभ्या रेघांचं. रात्रीच्या गोळीला फ्लॅनेल, मऊ. उलटी धरा, सुलटी धरा, फ्लॅनेल लागलं की रात्र. थेंबांच्या बाटलीला शेवटी एक उभा, गोल तळाचा खिसा केला, कारण बाटली आडवी पडून चालत नाही.

कप्प्याची खोली ठरवायला अण्णांच्या सगळ्या पट्ट्या समोर मांडून ठेवल्या. पट्टी पूर्ण आत गेली तर चिमटीत सापडत नाही, फार बाहेर राहिली तर घडीत मुडपते. बोटाच्या पेराएवढी बाहेर राहील अशी खोली धरली. पट्टीचे कोपरे धारदार असतात, ते विणीत अडकतात आणि खणाचे तर धागेच ओढून काढतात, म्हणून आतून सगळीकडे दाट विणीचं पॉपलिन लावलं. बंद करायला वेलक्रो नको असं मी आधीच ठरवलं होतं. रात्रीच्या डब्यात वेलक्रो उघडण्याचा आवाज कुणालाही जागं करील. बटण अंधारात शोधावं लागतं. नाडी मात्र गुंडाळायची आणि टोक खाली सरकवायचं, तिला नजर लागत नाही. अण्णांनी दोन दिवस घरातच डोळे मिटून सराव केला. आता ती चंची प्रवासापुरती राहिलेली नाही. कपाटातली ठरलेली जागा सुटली आणि अण्णा घरातही तीच वापरतात.

मोठ्या पिशवीचं गणित वेगळं. तिथे माणसाच्या सवयीइतकंच वजनाकडे पाहावं लागतं. पिशवी फाटते तेव्हा कापड क्वचित फाटतं, बंद जिथे जोडलेला असतो तिथे ती सुटते. बाजारातल्या पुष्कळ पिशव्यांचे बंद वरच्या काठाला दोन टिपांनी अडकवलेले असतात. सगळं वजन त्या दोन टिपांवर. मी सुती निवारीची दीड इंची पट्टी घेते आणि ती पिशवीच्या एका बाजूने वर, हातात, खाली, तळाखालून पलीकडे, पुन्हा वर अशी अखंड फिरवते. म्हणजे उचलताना वजन पट्टीवर येतं, कापडाला फक्त सामान धरून ठेवायचं काम उरतं. पट्टी कापडाला जिथे शेवटची जोडली जाते तिथे चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. एकाच आडव्या रेषेत टीप घातली तर सुईची भोकं ओळीने पडतात आणि जोर आला की कापड त्याच रेषेवर फाटतं. फुलीमुळे ओढ चारी दिशांना वाटली जाते.

तळ करण्याची युक्ती मला फार आवडते. दोन सपाट तुकडे शिवल्यावर पिशवीचा कोपरा चिमटीत धरून उलगडायचा, बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणायची, की त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणावर आडवी टीप जिथे दहा इंच लांब होते तिथे घातली की तळ दहा इंच रुंद होतो. बारा इंचाला घातली तर बारा. सपाट कापडाला पोट येतं ते या एका टिपेने. आमच्या बर्थखालच्या पिशवीची लांबी वीस इंच, उंची अकरा, तळ दहा. कुटुंबातल्या दोघांचे चार-पाच दिवसांचे कपडे यात बसतात, आणि ती माझ्या एका हाताने उचलली जाते. त्यापेक्षा मोठी मी शिवत नाही. मोठी पिशवी असली की माणूस ती भरतोच, आणि मग ती उचलायला दुसरा माणूस लागतो.

कापड कोरा कॅनव्हास. पन्हा रुंद असेल तर बरं, तळाला जोड द्यावा लागत नाही. सुती कॅनव्हासचा एक गुण फार मोलाचा आहे: पाणी लागलं की धागे फुगतात आणि वीण आवळली जाते. जीपच्या पुढे किंवा ट्रकला टांगलेल्या कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे ठाऊक असेल. आत पाणी, बाहेर नुसता ओलावा, आणि तो ओलावा वाऱ्याने उडत राहिला की आतलं पाणी गार. आमच्या पिशवीला याच गुणामुळे रिक्षातून घरापर्यंतचा पाऊस बाधत नाही. मात्र भिजलेला कॅनव्हास वाळायला फार वेळ घेतो आणि भाद्रपदात गावी काहीच वाळत नाही. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत. म्हणून पोचल्याबरोबर पिशवी रिकामी करून चुलीच्या वरच्या दांडीवर उलटी टांगायची, हा आमच्याकडे नियम आहे.

फोम मी वापरत नाही. फोम आणि रेक्झिनच्या आतला लेप दमट हवेत कालांतराने विघटतो. पाच-सहा पावसाळे माळ्यावर काढलेली बॅग उघडली की आतला काळा लेप चिकट होऊन कपड्यांना लागतो, किंवा त्याची पापुद्र्यांनी माती होते. हे हवेतल्या ओलाव्यानेच होतं, जपून ठेवल्यानं टळत नाही. पिशवीला जाडी हवी असेल तर मी जुन्या सुती साडीच्या दोन घड्या आत घालून धावदोऱ्याने गोधडीसारखं शिवून घेते. ती धुता येते, वाळते, आणि उसवली तर तिथल्या तिथे टाके घालता येतात.

हे सगळं मी पायमशीनवर शिवते. बिडाचं, काळं, सासूबाईंच्या लग्नातलं. हलक्या नव्या मशीनने ब्लाउज सुरेख होतात, पण निवार, कॅनव्हास आणि दुमडलेली कड मिळून सहा-सात थर झाले की ती अडखळतात. बिडाचं मशीन वजनानेच स्थिर उभं राहतं. १६ नंबरची सुई, कधी १८, टीप लांब, आणि जाड जागी पाय थांबवून हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्यायचा. गांधीजींनी यंत्रांविरुद्ध इतकं लिहिलं, पण १९२४ साली ‘यंग इंडिया’त शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केलं, माणसाने शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ही एक आहे असं म्हटलं. सिंगरने बायकोला शिवणकामात कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र बनवलं, असं त्यांनी मांडलं. इतिहासात आयझॅक सिंगर हा १८५१ साली सुधारित यंत्राचं पेटंट घेणारा चतुर व्यावसायिक आहे, आणि त्याच्याआधी १८४६ मध्ये एलियास हाउ यांनी दोन धाग्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं होतं. तरी गांधीजींनी यंत्राला जी कसोटी लावली ती मला पटते. हे यंत्र माणसाच्या हाताला जोड देतं, त्याची जागा घेत नाही. चालवणारीचा पाय थांबला की तेही थांबतं.

सासूबाईंच्या पिशवीवर आमची बरीच चर्चा झाली. गणपतीला जाताना त्या पूजेचं सामान इथून नेतात: वस्त्रमाळा, कापूर, उदबत्त्या, तांब्याची छोटी पळी-पंचपात्री, गौरीला नेसवायची साडी. मी त्यासाठी माझ्या एका सुंदर जुन्या साडीची पिशवी काढली होती. त्यांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “शिवलंयस छान. पण नेसलेल्या कापडात देवाचं ठेवायचं नाही बाळा. कोरं कापड घे.” मी मांजरपाट आणलं. आता मांजरपाट आधी धुतल्याशिवाय शिवू नये, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं आणि मग अस्तर आणि वरचं कापड एकमेकांना ओढू लागतात, पिशवी कायमची वाकडी होते. धुतलं तर ते कोरं राहतं का, हा प्रश्न आला. सासूबाईंनी थोडा विचार केला, आणि सकाळी अंघोळ झाल्यावर स्वतःच ते कापड साध्या पाण्यात भिजवून, पिळून, देवघराशेजारच्या दोरीवर टाकलं. “आता घे,” म्हणाल्या. पिशवीच्या आत पळी-पंचपात्रीसाठी गोल खिसा, साडीसाठी सपाट कप्पा, आणि कापराच्या डबीला शक्य तितकी दूरची जागा दिली, नाहीतर साडीला वास लागतो. तोंडाला बटव्याची नाडी. ती पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, म्हणून तिला वर एक कडी दिली आहे. गाडीत ती खिडकीजवळच्या हुकाला लटकते.

मे महिन्यातून परतताना सामान जाताना असतं त्याच्या दुप्पट होतं, हे कोकणातल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही. नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आणि सुकं. सुकट, बांगडा, बोंबील. सुक्याचा वास आमच्या घरात सगळ्यांना प्रिय आहे, पण पंखे बंद पडलेल्या डब्यात शेजारच्या कुटुंबाला तो आवडलाच पाहिजे असं नाही. यासाठी मी जुन्या छत्र्यांचं कापड वापरते. कोकणातल्या पावसात छत्रीच्या काड्या मोडतात, कापड मात्र धड राहतं. काड्यांवरून ते उतरवलं की आठ त्रिकोण मिळतात. ते उलटसुलट एकाशेजारी एक जोडले की सरळ पट्टा होतो. या कापडाला टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक टाचणीचं भोक कायमचं राहतं, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. शिवण दुहेरी दुमडायची आणि तिच्यावर मेणबत्ती घासायची, म्हणजे सुईची भोकंही भरतात. तोंड लांब ठेवायचं, ते तीन-चार वेळा गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं बक्कलने एकमेकांत अडकवायची. वास बाहेर येत नाही. तशीच दुसरी पिशवी ओल्या कपड्यांची. दोन्हींचे रंग वेगळे ठेवले आहेत, आणि ते आवर्जून वेगळे ठेवावेत.

नारळांना मात्र काहीच नाजूक चालत नाही. त्यांना खताच्या गोणीची पिशवी. विणलेल्या प्लास्टिकच्या त्या गोण्या धुऊन गावातले शिंपी सुरेख पिशव्या शिवून देतात, आणि तिथे मी हात घालत नाही.

मुलगी आता नागपूरला शिकते आणि एकटी प्रवास करते. तिची पिशवी शिवताना मला खूप काही वाटत होतं. खणाचा काठ लावावा, तिच्या लहानपणच्या फ्रॉकचा एखादा तुकडा आत टाकावा. ती म्हणाली, “आई, काळी शिव. फुलं नकोत, काठ नकोत. कुणाच्या लक्षात राहायला नको ती.” मी काही बोलले नाही, पण तिचं म्हणणं मला कळलं. रात्रीच्या गाडीत एकट्या मुलीला आपल्या सामानाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये असं वाटतं, तेव्हा ती अनुभवाने बोलत असते. काळ्या डेनिमची पिशवी केली. पाठीला लागून असलेल्या बाजूला सपाट, आडवी चेन असलेला खिसा आहे. पिशवी पाठीवर असेपर्यंत तो उघडता येत नाही. पैसे, कार्ड, ओळखपत्र तिथे. पॅडसाठी उजव्या बाजूला एक छोटा कप्पा, बाहेरून न दिसणारा, पण पिशवी न उघडता हात जाईल असा. तळाशी पट्टीचाच एक जाड फास शिवला आहे, त्यातून साखळी ओवून बर्थखालच्या कडीला कुलूप लावता येतं. बाजारच्या सुंदर बॅगांना साखळी कुठून घालायची हा प्रश्नच असतो, लोक ती हँडलमधून घालतात आणि हँडल एका कात्रीने कापता येतं. या फासाच्या आत मी वेणीसारखी वळलेली तार घातली आहे.

चेनबद्दलही सांगायला हवं. मोठ्या पिशवीला ५ नंबरची, निदान. ३ नंबर छोट्या पाऊचला ठीक. मॅचिंग सेंटरमध्ये चेन मीटरवर मिळते आणि रनर सुटे, ते घ्यावे. रनर बिघडला की नवा ओवता येतो, सगळी चेन उसवावी लागत नाही. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचे छोटे तुकडे दुमडून बसवले की कोपऱ्यात ती जाड होत नाही आणि रनर निसटत नाही. आणि एका चेनला दोन रनर, समोरासमोर. मग पिशवी कुठूनही उघडता येते, हवी तेवढीच. तयार बॅगांचं आयुष्य बहुतेक वेळा रनरवर संपतं. बॅग धड असते, रनर जातो, दुरुस्त करणारा जवळ नसतो आणि बॅग टाकली जाते. हे मला फार वाईट वाटतं.

धाकट्याची पिशवी म्हणजे पडशी. मध्ये सपाट पट्टा, दोन्ही टोकांना पिशवी. पूर्वी वाटसरू ती खांद्यावर टाकायचे, अर्धं वजन पुढे, अर्धं पाठीवर. धाकटा गाडीत वरचाच बर्थ मागतो आणि मग दर पाच मिनिटांनी खालून काहीतरी हवं असतं. त्याची पडशी तो वरच्या बर्थच्या साखळीवर टाकतो: एका बाजूला पाणी आणि खाऊ, दुसऱ्या बाजूला पुस्तक आणि रंग. तिची सरळ टीप त्याने स्वतः घातली आहे, पायमशीनवर उभं राहून, कारण बसून त्याचा पाय पोचत नव्हता. आमच्या यांच्यासाठी दाढीच्या सामानाचा एक पाऊच शिवला, त्यांना तो पुरतो.

पैसे वाचतात का, असं मला मैत्रिणी विचारतात. कॅनव्हास, निवार, चेन, बक्कल, दोरा सगळं धरलं आणि हाताच्या कामाला थोडाही भाव लावला, तर फूटपाथवरची बॅग स्वस्तच पडते. पैशांसाठी कुणी शिवायला घेऊ नये असं मी सांगते. माझ्यासाठी मोल याचं आहे की या पिशव्या शिवताना मी घरातल्या माणसांकडे वेगळं पाहिलं. अण्णांना मदत नको असते, त्यांना मदत मागावी लागू नये एवढंच हवं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. गोळ्यांच्या पट्ट्या मोजताना कळलं. मुलगी मोठी झाली हे तिने काठ नाकारला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी तिला काय हवं असेल ते आता मी आधी विचारते, मग कापड घेते.

सध्या अण्णांच्या चंचीला चौथा कप्पा जोडायचं काम काढलं आहे. डॉक्टरांनी दुपारची एक गोळी वाढवली आहे. खण, कॉर्डरॉय आणि फ्लॅनेल या तिन्हींपेक्षा बोटाला वेगळं लागेल असं कापड हवं होतं, म्हणून परवा अण्णांना घेऊनच मॅचिंग सेंटरला गेले. त्यांनी काउंटरवर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, “दाखवू नका, हातात द्या.” मखमल त्यांनी लगेच परत केली, फ्लॅनेलशी गोंधळ होईल म्हणून. सॅटिन गुळगुळीत होतं, पण चिमटीतून निसटत होतं. ज्यूट चाललं असतं, पण पट्टीच्या कोपऱ्यांनी त्याचे तंतू सुटतील असं मला वाटलं. शेवटी टर्किश टॉवेलचं कापड निघालं, फासाफासाचं. अण्णांनी ते दोनदा दाबून पाहिलं, दुसऱ्या हाताने चंचीतला खण चाचपला, पुन्हा टॉवेलवर हात नेला. “ह्याच घे,” म्हणाले, आणि पाव मीटर तोडून घेतलं. जाडी जास्त आहे, तेव्हा त्या कप्प्याला अस्तर पातळ लावावं लागेल आणि नाडी चार बोटं लांब करावी लागेल.